परदेशी फेलोशिपला जाण्याआधी परतीची जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 8 वर्षं काम करणाऱ्या एका वैद्यकीय अधिकारी डॉक्टरांना सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारावरच्या कामासाठी परदेशात प्रशिक्षण घ्यायचं आहे. कोणत्या फेलोशिपसाठी अर्ज करावा, सरकारी परवानगी कशी मिळते, परत आल्यावर त्याचा खरंच उपयोग होतो का, आणि केंद्रातल्या अधिपरिचारिकेलाही अशी संधी आहे का, असं त्यांनी विचारलं आहे. त्यांचं वय 38, मुलगी 6 वर्षांची. त्यामुळे आता जावं की थांबावं, हेही त्यांना ठरवायचं आहे.

डॉक्टर, आधी उपयोगाचा प्रश्न घेतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यावर ठरतात. उपयोग होतो, पण तुम्ही ज्या कामावरून गेलात त्याच कामावर परत आलात तर. आरोग्य खात्यात आयुष्य गेल्यावर आणि अशा अर्जांच्या छाननीला बसल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. क्षयरोगाचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला रुजू होताना भलत्याच विभागाचा कार्यभार मिळतो. प्रयोगशाळेची गुणवत्ता कशी राखायची हे शिकून आलेला माणूस कुटुंबकल्याणाचे अहवाल भरत बसतो. दोन वर्षांत शिकलेलं विसरतं आणि उत्साहही संपतो. ज्या टेबलावर बदल्यांची यादी तयार होते, तिथे कोण काय शिकून आलं याची नोंदच नसते, हे त्याचं साधं कारण आहे.

उलट घडलं तर काय होऊ शकतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण इंडोनेशियाचं आहे. जपानमध्ये गरोदर बाईला आई आणि बाळ दोघांच्या नोंदींची एकच वही देतात. ही पद्धत तिथे 1948 पासून आहे. 1992 मध्ये ‘जायका’ या जपानी सहकार्य संस्थेच्या प्रशिक्षणाला इंडोनेशियाचा एक सरकारी डॉक्टर गेला होता. त्याने ती वही पाहिली आणि आपल्याकडे ती करता येईल का, हा विचार घेऊन तो परतला. 1993 मध्ये मध्य जावातल्या सालातिगा या एका लहान शहरात प्रयोग सुरू झाला. मजकूर आणि चित्रं इंडोनेशियाच्या बायकांना आपली वाटतील अशी केली गेली. तिथून ती वही एकेका प्रांतात पोहोचली आणि 2004 मध्ये आरोग्यमंत्र्यांच्या आदेशाने देशभर लागू झाली. प्रशिक्षण थोड्या काळाचं होतं, काम अकरा-बारा वर्षांचं. त्या डॉक्टरने जपानहून कुठलं यंत्र आणलं नाही, पदवीही आणली नाही. एक वापरता येण्याजोगी गोष्ट त्याने हेरली, आणि ती रुजेपर्यंत त्याच्या मागे माणसं आणि पैसा उभा राहिला.

आपल्याकडची दोन उदाहरणं तुम्हाला माहीत असतीलच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 मध्ये त्यांनी जामखेडचं काम सुरू केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथेच 1984 मध्ये शिकले आणि 1986 मध्ये गडचिरोलीला गेले. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत 1999 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 2011 मध्ये आशांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. ही नावं घेऊन सरकारी डॉक्टरांना ‘तुम्हीही असं करा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. या दोन्ही जोडप्यांना बदलीचा आदेश येणार नव्हता. एकाच भागात दहा-वीस वर्षं राहता येणं ही त्यांच्या कामाची अर्धी ताकद होती. तुमच्याकडे ती नाही. म्हणून ती जितकी मिळवता येईल तितकी आधीच मिळवायची.

ती कशी? आपल्या 2005 च्या बदली कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी 3 वर्षांचा आहे. तो संपत आला किंवा संपला असताना तुम्ही दहा महिने बाहेर राहिलात, तर परतल्यावर बदली जवळपास ठरलेली समजा. त्यामुळे अर्जासोबतच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक वेगळं पत्र द्या. त्यात स्पष्ट लिहा की प्रशिक्षणानंतर किमान 2 वर्षं मला नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलच्या कामाशी संबंधित जबाबदारी द्यावी, आणि मी अमुक तालुक्यांत अमुक काम उभं करीन. त्यांनी शिफारसपत्रात हे वाक्य घेतलं, की ते फाईलवर आलं. फाईलवर आलेली गोष्ट पाळली जाईलच असं नाही, पण फाईलवर नसलेली गोष्ट नक्कीच पाळली जात नाही. नाशिक मंडळाच्या उपसंचालक कार्यालयालाही त्याची प्रत द्या. निवड समितीतल्या परदेशी माणसांनाही असं पत्र पटतं, कारण आपला पैसा वाया जाणार नाही ना, हीच त्यांना मोठी काळजी असते.

आता तुमचा विषय. सिकलसेल म्हटलं की बहुतेक जण अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांची नावं घेतात. तिथे तुम्हाला जनुकोपचार आणि मज्जारोपण पाहायला मिळेल. परवाना नसल्यामुळे रुग्णाला हातही लावता येणार नाही, आणि धडगावला परत आल्यावर त्यातलं काहीच करता येणार नाही. माझ्या मते तुम्ही जमैकाचं काम अभ्यासावं. किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात 1973 ते 1981 या काळात ओळीने 1 लाख बाळंतपणांतल्या बाळांची तपासणी झाली. आजार असलेली तीनशेहून जास्त मुलं त्यात सापडली आणि ती पुढे वर्षानुवर्षं निरीक्षणाखाली ठेवली गेली. ग्रॅहम सर्जंट यांच्या नेतृत्वाखालच्या या कामातून निघालेल्या उपायांपैकी एक अगदी साधा होता: बाळाची प्लीहा (पोटात डावीकडे असणारा अवयव) कशी चाचपायची हे आयांना शिकवायचं. प्लीहा अचानक मोठी झाली तर बाळ काही तासांत दगावू शकतं. आईलाच ते ओळखता आलं की ती वेळेत दवाखान्यात येते. त्यामुळे मृत्यू कमी झाले. ही गोष्ट तुमच्या आशा आणि परिचारिका उद्यापासून पाड्यावर शिकवू शकतात.

पण इथेच सावध राहायला हवं. आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी अरब-भारतीय प्रकारची आहे. त्यात भ्रूण हिमोग्लोबिन (गर्भातल्या बाळाच्या रक्तात असणारा प्रकार) जास्त राहतं आणि आजाराची वाटचाल जमैकातल्या रुग्णांसारखीच होईल असं धरून चालत नाही. तो सरसकट सौम्य असतो हा समजही खरा नाही; विदर्भातल्या अनुभवाने तो मोडला आहे. त्यामुळे जमैकाहून तयार उत्तरं आणायची नाहीत, पद्धत आणायची: जन्मापासून मुलांची यादी कशी ठेवायची, ती वर्षानुवर्षं टिकवायची कशी, मूल चुकलं तर शोधायचं कसं. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागात आणि शाळांत सोल्युबिलिटी ही सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी होते. नवजात बाळात भ्रूण हिमोग्लोबिनमुळे ती उपयोगी पडत नाही, म्हणजे नवजात तपासणीसाठी यंत्रणा वेगळीच लागणार. घानामध्ये कुमासीला 1995 पासून नवजात बालकांची सिकलसेल तपासणी सुरू झाली. मर्यादित साधनांत ती कशी चालवली, हे तुम्हाला लंडनपेक्षा तिथे जास्त शिकायला मिळेल. जुलै 2023 मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं आणि 2047 चं लक्ष्य ठेवलं गेलं. त्यामुळे तुमचा विषय सध्या खात्याच्या प्राधान्यात बसतो. अर्जात याचा उल्लेख हवाच.

फेलोशिपची निवड या सगळ्यावरून करायची. तुमच्यासारख्या गरजेला जागतिक आरोग्य संघटनेची फेलोशिप सगळ्यात जवळची आहे, कारण ती देशाच्या गरजेनुसार आखता येते: अमुक संस्थेत इतके आठवडे, मग दुसऱ्या ठिकाणी इतके. तिथे वैयक्तिक अर्ज चालत नाही. नाव केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडूनच जायला हवं आणि परतल्यावर अहवाल द्यावा लागतो. आधी त्या परदेशी संस्थेशी पत्रव्यवहार करून ‘आम्ही यांना घेऊ’ असं लेखी मिळवलंत, तर प्रस्तावाला वजन येतं. मात्र जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केल्यापासून संघटनेला खर्च कापावा लागला आहे, त्यामुळे जागा कमी झाल्या तर नवल नको.

जायकाचे अभ्यासक्रम काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचे असतात. त्यांचंही नामांकन सरकारमार्फत जातं. माता-बाल आरोग्य आणि क्षयरोग यांत त्यांचा हातखंडा आहे. टोकियोजवळच्या कियोसे इथल्या क्षयरोग संशोधन संस्थेत 1963 पासून परदेशी लोकांना प्रशिक्षण दिलं जातं. अर्जासोबत आपल्या कामाचा अहवाल मागतात आणि शेवटी कृती आराखडा लिहून घेतात. तो आराखडा खानापूर्ती म्हणून लिहू नका. खात्याकडून कार्यभार मागताना तोच तुमच्या हातातला कागद असतो.

पदवी हवी असेल तर ब्रिटनची चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ या दोन शिष्यवृत्त्या पाहा. चेव्हनिंग 1983 पासून आहे. एका वर्षाची पदव्युत्तर पदवी मिळते, किमान 2 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर 2 वर्षं मायदेशात राहणं बंधनकारक असतं. अमेरिकेची हंफ्री फेलोशिप दहा महिन्यांची आहे. तिला पदवी नाही, पण किमान 5 वर्षांचा अनुभव मागतात आणि शिकण्यासोबत एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष कामही करायला मिळतं. अमेरिकेत सरकारी पैशावर जे-1 या देवाणघेवाणीच्या व्हिसाने गेलात, तर परत येऊन 2 वर्षं मायदेशात राहिल्याशिवाय तिथला कामाचा व्हिसा मिळत नाही. तुमच्यासाठी ही अडचण नाही, पण सही करण्याआधी माहीत हवं. अमेरिकेने 2025 मध्ये यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था बंदच केली. तेव्हा तिथल्या निधीवर एकमेव आशा ठेवून दोन वर्षं वाट पाहू नका. प्रत्यक्ष रुग्णांवर उपचार करत शिकायचं असेल तर ब्रिटनमध्ये परदेशी डॉक्टरांसाठी जास्तीत जास्त 24 महिन्यांची वैद्यकीय प्रशिक्षण योजना आहे. ती रुग्णालयात काम करणाऱ्या विशेषज्ञांना सोयीची, तुमच्या कामाला नाही. आणि एक गोष्ट दरवर्षी तपासा: पात्र देशांच्या यादीत भारत आहे का. आपण आता स्वतः इतरांना प्रशिक्षण देणारा देश झालो आहोत. आपला ‘आयटेक’ कार्यक्रम 1964 पासून चालू आहे. त्यामुळे काही देणारे देश आपल्याला यादीतून वगळतात.

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा असला तरी बहुतेक अर्ज तिथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अर्ज योग्य मार्गानेच जायला हवा: तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, उपसंचालक, आयुक्तालय, मंत्रालय. शेवटची तारीख जवळ असेल तर आगाऊ प्रत थेट वर पाठवा आणि तसं अर्जावर लिहा. प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक घ्या. त्याच बदली कायद्यात एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहू नये असंही म्हटलं आहे. स्मरणपत्रात त्याचा नम्र उल्लेख करायला हरकत नाही. परिविक्षा पूर्ण झाल्याची नोंद, गोपनीय अहवाल, मत्ता व दायित्वाची विवरणपत्रं आणि विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आधीच तयार ठेवा. सेवापुस्तकातल्या नोंदी अपुऱ्या असतील तर त्या आजच पूर्ण करून घ्या. फेलोशिप जाहीर झाल्यावर त्याला वेळ उरत नाही.

प्रशिक्षणाचा काळ सेवेत कसा धरला जाणार, हे आदेशातच असायला हवं. सरकारने नामांकन करून पाठवलं असेल, तर तो कर्तव्य कालावधी मानावा अशी मागणी करा. स्वतः मिळवलेल्या शिष्यवृत्तीसाठी अध्ययन रजा घ्यावी लागते. केंद्राच्या 1972 च्या रजा नियमांत त्यासाठी 5 वर्षांची सेवा लागते, एका वेळी साधारणपणे 12 महिने आणि पूर्ण सेवेत 24 महिने मिळतात, आणि परतल्यावर सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. तुम्हाला राज्याचे 1981 चे रजा नियम लागू आहेत. त्यातली अध्ययन रजेची तरतूद आस्थापना शाखेत बसून स्वतः वाचा, दुसऱ्याने सांगितलेल्यावर विसंबू नका. आदेशात काहीच लिहिलेलं नसेल तर परतल्यावर तो काळ असाधारण म्हणजे बिनपगारी रजेत टाकला जाण्याचा धोका असतो, आणि त्याची झळ वेतनवाढीपासून निवृत्तिवेतनापर्यंत बसू शकते.

एक परवानगी अनेकांना ठाऊकच नसते. 2010 च्या परकीय अंशदान कायद्याच्या कलम 6 नुसार, परदेश दौऱ्यात परकीय आतिथ्य म्हणजे विमानभाडं, राहणं, जेवण स्वीकारण्याआधी सरकारी कर्मचाऱ्याला केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. त्यासाठी एफसी-2 हा अर्ज भरतात, तोही निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष संस्था या कायद्यात परकीय स्रोत मानल्या जात नाहीत, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या खर्चाने जाताना ही अट येत नाही. एखादं परदेशी विद्यापीठ किंवा प्रतिष्ठान खर्च करत असेल तर येते. पासपोर्टसाठी कार्यालयाला पूर्वसूचना देऊन तो आत्ताच काढून ठेवा.

निबंधाबद्दल थोडं. आपले अधिकारी अर्जात ‘संधी मिळाल्यास ज्ञानात भर पडेल’ असं लिहितात आणि मागे पडतात. तुम्ही तुमच्या नोंदवहीतून सुरुवात करा: गेल्या वर्षी किती जणांची तपासणी झाली, किती वाहक आणि किती रुग्ण निघाले, त्यांतल्या किती जणांना हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झालं, किती जण तीन महिन्यांनी परत आले नाहीत आणि का. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेलं कुटुंब उपचारातून कसं सुटतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? मग एकच प्रश्न मांडा, जो इथे राहून सुटत नाही आणि तिथे गेल्यावर सुटू शकतो. शिफारस तुमचं काम पाहिलेल्या माणसाची घ्या. वैद्यकीय महाविद्यालयातल्या जुन्या प्राध्यापकांना आता तुमच्याबद्दल काय सांगता येणार?

अधिपरिचारिकेबद्दल विचारलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे परदेशी प्रशिक्षणाच्या जागा डॉक्टरांकडे जातात, त्यातही कार्यालयात बसणाऱ्यांकडे. हे चुकीचं आहे. सिकलसेलच्या मुलाला दर महिन्याला पाहणारी व्यक्ती परिचारिका असते. सुईच्या भीतीने रडणाऱ्या पोराला आणि थकलेल्या आईला तीच सांभाळते. जायकाच्या अभ्यासक्रमांत परिचारिका आणि प्रसूतिसेविकांसाठीचे विषय असतात. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात ‘कोणासाठी’ या रकान्यात त्यांचं पद बसतं का ते पाहा. अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची आणि परिपत्रक त्यांच्यापर्यंत न पोहोचण्याची असते. परिपत्रक तुमच्याकडे आलं की त्यांच्या हातात द्या, अर्ज लिहायला सोबत बसा. तुमच्या अधिपरिचारिका राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी असतील तर मार्ग जास्त कठीण आहे. अध्ययन रजा नियमित कर्मचाऱ्यांची असते, आणि करार संपला की परतायला जागाच राहत नाही. अशा वेळी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि कराराचं नूतनीकरण होईल असं आधी घेतलेलं लेखी आश्वासन, एवढाच सुरक्षित रस्ता मला दिसतो. खात्याने कंत्राटी लोकांसाठी यात काही तरतूद करायला हवी, आणि आपल्यासारख्या नियमित लोकांनी ती मागायला हवी.

राहिला वेळेचा प्रश्न. मुलगी 6 वर्षांची असताना पूर्ण वर्षभर दूर राहणं सोपं नाही, आणि ते करू शकत नाही म्हणून कुणी तुमची निष्ठा मोजू नये. माझा सल्ला असा, की या वर्षी देशातूनच सुरुवात करा. ‘सॉर्ट-इट’ हा उपक्रम 2009 पासून सुरू आहे. जागतिक आरोग्य संघटनेतला ‘टीडीआर’ हा उष्णकटिबंधीय आजारांवरच्या संशोधनाचा कार्यक्रम त्याचा समन्वय करतो. त्यात तुमच्याच नोंदींवर तुमचाच प्रश्न घेऊन टप्प्याटप्प्याने संशोधन लेख लिहून घेतात. ठरलेल्या मुदतीत टप्पा पूर्ण केला नाही तर पुढे जाता येत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही चांगले आहेत. साथरोगशास्त्राकडे वळायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून 2 वर्षांचा इंडिया ईआयएस हा साथींचा तपास शिकवणारा कार्यक्रम चालतो. तो अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेच्या मदतीने उभा राहिला आणि दर्जाने परदेशी प्रशिक्षणापेक्षा कमी नाही. कॉमनवेल्थची दूरशिक्षणाची शिष्यवृत्तीही पाहा. ब्रिटिश विद्यापीठाची पदवी नोकरी न सोडता, धडगावला राहून करता येते, फक्त तिथलं इंटरनेट साथ देणारं हवं.

धडगावच्या नोंदींवरचा एक लेख तुमच्या नावावर आला, की पुढच्या वर्षी सहा ते आठ आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्याचा प्रस्ताव बांधा. त्यासाठी किंग्स्टन आणि कुमासीला पत्रं या महिन्यातच जाऊ द्या, कारण तिकडून उत्तर यायला आणि इकडे फाईल हलायला सारखाच वेळ लागतो. पत्रात तुमच्या तालुक्याचे आकडे असू द्या, आणि अधिपरिचारिकेचं नावही तुमच्या बरोबरीने लिहा.